तिसऱ्या उमेदवाराचा भाऊ

अकरा वर्षं मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांची वाक्यं बोलत होते. नाटकात नव्हे, सिंगापुरात, आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या चौथ्या मजल्यावर, जेमतेम दोन खुर्च्या मावतील अशा एका काचेच्या खोलीत. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, पण सवय काही जात नाही. परवा विनायकला विचारलं, "चहा ठेवू का क्वेश्चन मार्क." त्याने पेपरातून डोकं वर न काढता उत्तर दिलं, "ठेव फुलस्टॉप." इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवरेही तयार होतात.

काम काय ते आधी सांगते, कारण आमच्या पुंगोलच्या शेजाऱ्यांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. टीव्हीवर एखादा कार्यक्रम थेट चालू असतो तेव्हा खाली अक्षरं सरकत जातात, ऐकू न येणाऱ्यांसाठी. लोकांना वाटतं, कुणीतरी भराभर टाइप करतं. तसे करणारेही असतात, पण आम्ही बोलणाऱ्या. कानाला हेडफोन, तोंडासमोर माइक. वक्ता जे म्हणेल ते त्याच्यामागून दोन-तीन शब्दांच्या अंतराने, सपाट आवाजात, आपण म्हणायचं. कॉम्प्युटरला टाळ्या, खोकले, गोंगाट यांतून वक्त्याचं बोलणं नीट कळत नाही. माझं कळायचं, कारण महिनोन्‌महिने त्याच्यासमोर वाचून मी त्याला माझ्या आवाजाची सवय लावली होती. विरामचिन्हंसुद्धा तोंडाने म्हणावी लागतात. "मित्रहो कॉमा मला अतिशय आनंद होत आहे फुलस्टॉप." हे सगळं अर्थात इंग्रजीत, इथे तुमच्यासाठी मराठीत सांगते आहे.

ऐकता ऐकता बोलायचं म्हणजे पंधरा मिनिटांत डोक्याचा भुगा होतो. म्हणून नेहमी जोडी असे. एकीने पंधरा मिनिटं बोलायचं, दुसरीने तेवढा वेळ नावं शोधून द्यायची, पाणी प्यायचं, आणि मग अदलाबदल. आमची गिऱ्हाइकं बहुतेक अमेरिकेतली. तिथे रात्री नऊला सभा रंगात येते तेव्हा इथे सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि आम्ही खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाऊगल्लीत, नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खाऊन ताज्यातवान्या. या एका कारणाने मी अमेरिकेतल्या गावोगावच्या नगरपालिकांच्या सभा बोलले. सांडपाण्याच्या एका पाइपवर तीन तास बोलले. एकदा एका बाईचं पत्र आलं होतं की तुमची अक्षरं तीन सेकंद उशिरा येतात, त्यामुळे सगळं घर हसून झाल्यावर मी एकटीच हसते. तीन सेकंदांहून लवकर बोलणं माणसाच्या हातात नव्हतं.

दुसरं एक पत्र मात्र आमचे साहेब मिस्टर गोह यांनी खोलीच्या दारावर चिकटवून ठेवलं होतं. एका बहिऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांचं. त्यांनी लिहिलं होतं, "मला तुम्हाला तपासून बघता येत नाही. तुम्ही जे लिहाल, तेच तो माणूस बोलला, असं मी धरून चालतो." आमचा सगळा नियम त्या दोन ओळींत होता. अडखळणं गाळलं, 'म्हणजे', 'असं आहे की' गाळलं तर चालतं. पण अर्थाचं वाक्य सोडायचं नाही आणि पदरचा शब्द घालायचा नाही. घातला तर नोकरी गेली, हे करारात लिहिलेलं होतं. पुण्यात दहा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे माझा हात मुळातच चुका काढायला शिवशिवायचा. नव्या मुलींना मी ऐटीत सांगायची, "माझ्या तोंडून माझा शब्द कधी गेलेला नाही."

आता एका निवडणुकीची गोष्ट. त्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी दोन मोठ्या पक्षांच्या उमेदवारांखेरीज एक तिसरे गृहस्थ उभे होते. ते निवडून येणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, बहुधा त्यांनाही, त्यामुळे ते भलते मोकळेपणाने बोलत. आमच्या घरात त्यांचं नाव पडलं 'तिसरे काका'. त्यांचं म्हणणं सोपं होतं. माणसाने आपल्या घरात काय खावं, प्यावं, ओढावं यात सरकारने नाक खुपसू नये. अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्याला तुरुंगात नव्हे, डॉक्टरकडे न्यावं. जगभर पसरलेलं आपलं सैन्य घरी आणावं, सगळ्यांशी व्यापार करावा, कुणाच्या भांडणात पडू नये. कर कमी करावेत, हे तर होतंच. तेवढं ऐकून विनायक म्हणाला, "शहाणा माणूस आहे." पुढचं ऐकल्यावर म्हणाला, "वेडा आहे." दिवाळीला सेरंगूनच्या मित्रांकडे फराळाला जमलो तेव्हा प्रत्येकाला काकांचं निम्मं पटत होतं, आणि प्रत्येकाचं निम्मं वेगळं.

मला मात्र सगळंच्या सगळं बोलावं लागत होतं, तेही 'मी' म्हणून. आणि कुठे? तर सिंगापुरात! इथे विमानातून उतरताना भरायच्या कार्डावर लाल अक्षरांत छापलेलं असे की अमली पदार्थांची तस्करी करणाऱ्याला मृत्युदंड. आमच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, त्याची रबराची पट्टी सुटली होती. एके सकाळी काकांच्या भाषणात मी रंगले होते आणि बाहेर सफाईवाल्या आंटी मॉप मारत होत्या. त्यांना ऐकू आलं, "गांजा ओढला म्हणून कुणालाही कोंडू नका फुलस्टॉप. मी निवडून आलो तर या सगळ्यांना सोडून देईन एक्स्क्लमेशन मार्क." पाळी संपवून बाहेर आले तर आंटी बार्ली वॉटरचा ग्लास घेऊन उभ्या. इकडेतिकडे बघत, इथल्या बोलीतलं 'लाह' शेपटाला लावून, हळूच म्हणाल्या, "मॅडम, तू चांगली बाई. असलं इथे बोलू नको, लाह. घरी जाऊन झोप." त्यांना समजावून सांगायला अर्धा तास गेला. पटलं असं वाटत नाही, कारण पुढे महिनाभर मला रोज बार्ली वॉटर मिळत होतं.

हे सगळं मी रोहानाला हसून हसून सांगितलं. रोहाना माझी जोडीदार, इथलीच मलय मुलगी, तिशीच्या आतबाहेरची. मला ती 'काक मेधा' म्हणायची. मलय भाषेत मोठ्या बहिणीला काक म्हणतात. गुडघ्याला गुडघा लावून आम्ही चार वर्षं त्या खोलीत बसत होतो. तिचा आवाज इतका स्वच्छ की कॉम्प्युटर माझ्यापेक्षा तिच्यावर खूश. काकांवरच्या माझ्या विनोदांना ती हसायची, पण जरा कमी. "ह्यांना एकदा चांगी विमानतळावर उतरवा आणि कार्ड भरायला लावा," असं मी म्हणायची तेव्हा ती वाकून तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत बसायची. ते झाकण आधीच लागलेलं असे, हे माझ्या लक्षात यायला नको होतं का? नाही आलं. दिवसभर ऐकणं हाच धंदा असलेल्या बाईला शेजारचं गप्प बसणं ऐकू आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

तर तो मंगळवार. तिसऱ्या काकांचा एक तासाचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांनी प्रश्न विचारायचे, काकांनी उत्तरं द्यायची. पहिली पाळी रोहानाची. एका बाईने उठून विचारलं की माझा मुलगा व्यसनात गेला, तुम्ही त्याच्यासाठी काय करणार? काका पहिल्यांदाच विनोद न करता बोलले. म्हणाले, तो आजारी आहे, गुन्हेगार नाही. त्याला बेड्या नकोत, डॉक्टर हवा. रोहानाने सगळं चोख म्हटलं. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत, माइक चालू असताना, ती त्याच सपाट आवाजात म्हणाली, "माझ्या भावालाही डॉक्टरच हवा होता फुलस्टॉप."

कॉम्प्युटरला काय कळणार! त्याने स्वच्छ अक्षरांत ते वाक्य अमेरिकेभर उमटवलं, तिसऱ्या काकांच्या नावावर.

मी तिच्याकडे बघितलं. तिला आपण काय बोललो ते कळलंच नव्हतं. पडद्यावर वाचलं तेव्हा कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण काका पुढे बोलत होते, म्हणून तीही बोलत राहिली. पाळी बदलली, मी माइक घेतला. माझ्या पाळीत परराष्ट्र धोरण आलं. सैन्य, तळ, जहाजं, छोटे देश, मोठे देश. नेहमीचंच. मी नेहमीसारखी बोलले, निदान मला तसं वाटलं.

दुपारपर्यंत बोभाटा झाला. अमेरिकेतल्या एका बातमीदाराने काकांच्या प्रचार कचेरीला फोन करून त्यांच्या भावाच्या व्यसनाची चौकशी केली होती. तिकडून आमच्या गिऱ्हाईक कंपनीला खरमरीत पत्र आलं की आमच्या उमेदवाराला भाऊच नाही, तीन बहिणी आहेत. तिघीही ठणठणीत आहेत.

मिस्टर गोहनी मला बोलावलं, कारण त्या पाळीची मुख्य मी होते. "संध्याकाळपर्यंत रिपोर्ट. मशीन चुकलं, की माणूस बोललं? मशीन असेल तर कॅन, चालेल. माणूस असेल तर ती उद्यापासून नको." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मशीन कधीकधी फार चुकतं, हां, मेधा." ते त्यांच्या परीने मला वाटच दाखवत होते. आमच्या धंद्यात सॉफ्टवेअरवर ढकलणं ही जुनी युक्ती. एकदा एका बिशपच्या प्रवचनात सॉफ्टवेअरने आपण होऊन एक म्हैस घातली होती.

रोहाना पॅन्ट्रीत उभी होती. म्हणाली, "काक, मी म्यूटचं बटण दाबलं असं मला वाटलं. का मी दाबलंच नाही, मला खरंच माहीत नाही." मग सांगितलं. धाकटा भाऊ, दुसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात होता. केंद्र म्हटलं तरी दाराला कुलूपच. दोन महिन्यांनी सुटणार होता. आई थकलेली. "तो घरी येईल तेव्हा घरात रोज सकाळी उठून कामाला जाणारं एक तरी माणूस त्याला दिसलं पाहिजे, काक. नाहीतर तो कुणाकडे बघून उठणार?" ती रडली नाही. मलाच रडू आलं. इतके महिने मी तिच्यासमोर चांगी विमानतळाचे विनोद करत होते.

मी ठरवलं, मशीनवर ढकलायचं. पण मशीन वेडं झालं होतं असं सिद्ध करायला एक चूक पुरत नाही. त्याच तासातल्या आणखी दोन-तीन दाखवायला हव्यात. आमच्या माइकचा आवाज वेगळा साठवलेला असे. काकांचं मूळ बोलणं एका कानात, आमचा आवाज दुसऱ्या कानात असं लावून मी चुका शोधायला बसले. रोहानाच्या पाळ्यांत एकही मिळेना. मग मी माझी पाळी लावली.

दहाव्या मिनिटाला एका कानात काका म्हणत होते, "आमची पोरं घरी येऊ देत. त्या छोट्या श्रीमंत देशांनी आपली घरं आपल्या पोरांना राखायला सांगावीत. आम्ही व्यापार करू." दुसऱ्या कानात मी. "आमची पोरं घरी येऊ देत फुलस्टॉप." मग चार सेकंद काही नाही. नुसता माझा श्वास. आणि मग, "आम्ही व्यापार करू फुलस्टॉप."

मी पाच वेळा ऐकलं. मधलं वाक्य मी सोडलं होतं. मशीनने नव्हे, मी. आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आमचा मुलगा अद्वैत तेव्हा एकोणीस वर्षांचा, नॅशनल सर्व्हिसमध्ये, म्हणजे सिंगापूर या छोट्या श्रीमंत देशाच्या सक्तीच्या सैन्यसेवेत. त्या मंगळवारच्या आदल्या रविवारी संध्याकाळी पाठीवर त्याच्याएवढी बॅग टाकून तो कॅम्पवर परत गेला होता, जंगलातल्या सरावासाठी. एलआरटी ट्रेनच्या काचेतून त्याने हात केला तेव्हा टकलावर तेवढी टोपी दिसली. आम्ही इथले कायम रहिवासी झालो तेव्हा तो सात वर्षांचा होता. मुलगा मोठा झाल्यावर दोन वर्षं सैन्यात जाईल, हे तेव्हाच कागदात लिहिलेलं होतं. सात वर्षांच्या, दात पडलेल्या मुलाची आई ते वाचते आणि पान उलटते. मीही उलटलं होतं.

रोहानाच्या जास्तीच्या वाक्याने अमेरिकेत फोन खणखणले. माझं गाळलेलं वाक्य कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं आणि कधी येणारही नव्हतं. जे पडद्यावर आलंच नाही, त्याची तक्रार कोण करणार? दारावरच्या पत्रातले ते म्हातारे गृहस्थ नक्कीच नाही. त्यांच्यापुरतं काका ते बोललेच नव्हते.

मला स्वतःचा भयंकर राग आला. मग मी रिपोर्ट लिहिला, खराखुरा. रोहानाने एक वाक्य घातलं, स्वतःच्या भावाविषयी. मेधाने एक वाक्य गाळलं, स्वतःच्या मुलामुळे. दोन्हींचे मिनिट-सेकंद दिले. पाठवण्याआधी रोहानाला दाखवला, कारण नोकरी तिची जायची होती. तिने दोनदा वाचला. म्हणाली, "तुझं कशाला लिहिलंस, काक? कुणाला कळलं नसतं." मी म्हटलं, "म्हणूनच." ती म्हणाली, "पाठव."

मिस्टर गोहनी कपाळाला हात लावला. "एक मागितली, तर तू दोन आणल्यास!"

तीन दिवस आम्ही दोघी काही खात नव्हतो. आंटींचं बार्ली वॉटर तेवढं पोटात जात होतं. चौथ्या दिवशी अमेरिकेहून फोन आला. माइकच्या आवाजाची प्रत त्यांच्याकडे पहिल्यापासून होती! मशीनवर ढकललं असतं तर दोघींनाही त्याच संध्याकाळी बॅगा उचलाव्या लागल्या असत्या. आता निकाल असा की रोहानाची नोकरी राहील, पण दोघींनाही तीन महिने थेट कार्यक्रम बंद. आधी चित्रित झालेले केक-बिस्किटांचे कार्यक्रम बोलायचे. शिवाय त्या मंगळवारच्या कार्यक्रमाची साठवलेली प्रत दुरुस्त करायची, ज्याची चूक त्याने, स्वतःच्या हाताने.

त्या शनिवारी अद्वैत घरी आला, उन्हाने काळा ठिक्कर पडलेला. चार पोळ्या वाढून झाल्यावर मी सगळं सांगितलं. त्याला हसू आवरेना. "आई, तू त्याचं वाक्य खाल्लंस? सो नॉटी!" मग वाटीतली आमटी पिऊन म्हणाला, "बट ही इज राइट, व्हॉट. आपलं घर आपण नाही राखायचं तर कोणी, लाह?" आणि उठून झोपायला गेला. मी त्याचे बूट दाराबाहेर उन्हात ठेवले.

सोमवारी दुरुस्तीला बसलो. आधी रोहाना. तिच्या भावाचं वाक्य पडद्यावर होतं, काकांच्या नावाखाली. तिने कर्सर त्याच्या शेवटी नेला आणि थांबली. "काक, त्या दिवशी हे किती लोकांनी वाचलं असेल?" मी म्हटलं, "बऱ्याच जणांनी." "चार सेकंद तरी मोठ्या माणसाच्या तोंडी माझा भाऊ होता," ती म्हणाली, आणि एकेक अक्षर पुसत मागे गेली. भाऊ दोन महिन्यांनी सुटला. पुढे तो एका बेकरीत लागला, आणि रोहानाने त्याला आमच्या केकच्या कार्यक्रमांतल्या इतक्या सूचना दिल्या की त्याने हात जोडले. पण ते नंतरचं.

मग माझी पाळी. मी हेडफोन चढवला, काकांचं ते वाक्य ऐकलं आणि माइकमध्ये म्हटलं. पडद्यावर भलतंच काहीतरी आलं. इतक्या वर्षांत माझ्या आवाजाला इतकं सरावलेलं ते यंत्र, आणि त्या दिवशी त्याला मी ओळखूच येईना. दुसऱ्यांदा म्हटलं, तरी तेच. आवाज हलला की त्याला कळत नाही. रोहानाने माझ्यापुढे पाण्याची बाटली सरकवली, झाकण काढून. मी दोन घोट घेतले, पाठ ताठ केली आणि तिसऱ्यांदा म्हटलं, "त्या छोट्या श्रीमंत देशांनी आपली घरं आपल्या पोरांना राखायला सांगावीत."

या वेळी अक्षरं बरोबर उमटली. मी हेडफोन काढायला हात वर नेला.

"काक," रोहाना हळूच म्हणाली, "फुलस्टॉप राहिला."

मी फुलस्टॉप म्हटलं.